हाडांतली ठेव

बँकेच्या नोकरीत सही पडताळण्याचे काम मी तीस-पस्तीस वर्षे केले. स्लिपवरची सही आणि नमुना सही शेजारी-शेजारी ठेवायच्या, वळणे पाहायची, शंका आली तर स्लिप परत करायची. या कामात माणसाचा चेहरा पाहायचा नसतो, असे आम्हाला शिकवले होते. मीही ते निमूटपणे पाळले. एकदाच असे झाले की नियम पाळला आणि तो पाळल्याची बोचणी आजपर्यंत गेली नाही.

१९८६ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावातली शाखा होती. तात्या म्हणून एक निवृत्त कंपोझिटर पेन्शनीसारखी साठवलेली आपली रक्कम थोडी थोडी काढायला महिन्याला यायचे. त्या दिवशी त्यांच्या तीन स्लिपा मी परत केल्या. सही जुळेना. चौथ्या वेळी मी त्यांना आत बोलावून सांगितले, की तात्या, आता अंगठा उठवावा लागेल, दोन साक्षीदार घेऊन या. ते काही क्षण उजव्या हाताकडे पाहत राहिले. मनगटापासून तो हात पाणी न मिळालेल्या देठासारखा खाली लोंबत होता. ज्या माणसाने तालुक्यातल्या निम्म्या लग्नपत्रिका, सहकारी सोसायट्यांचे अहवाल आणि माझी पहिली कथा ज्यात आली तो दिवाळी अंक खिळा-खिळा जुळवून उभा केला, त्याला मी अंगठा उठवायला सांगत होतो. त्यांनी तो उठवला. शाईचा डबा पुढे करताना मी खिडकीबाहेर पाहत होतो.

हात का गेला, असे मी कधी विचारले नाही. म्हातारपण, वारे गेले असेल, असे गावात म्हणत. तात्या पुढे चार वर्षांनी गेले. आणि निवृत्तीनंतर एका दुपारी बेंजामिन फ्रँकलिनची पत्रे वाचताना एका पत्रापाशी मी पुस्तक मिटून ठेवले. ते पत्र त्याने ३१ जुलै १७८६ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आपला इंग्रज मित्र बेंजामिन व्हॉन याला लिहिले होते. विषय होता शिसे.

फ्रँकलिन आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे तो वादळात पतंग उडवणारा. त्याहून मोठे झाल्यावर कळतो तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, फ्रान्सला आपल्या बाजूने वळवणारा मुत्सद्दी. पण त्याची स्वतःची ओळख वेगळी होती. मृत्युपत्राच्या आरंभी त्याने आपल्या नावापुढे पहिला शब्द लिहिला तो मुद्रक. राजदूत आणि पेनसिल्व्हेनियाचा अध्यक्ष ही पदे त्यानंतर येतात. हा माणूस अखेरपर्यंत छापखान्याचाच होता, आणि छापखाना म्हणजे शिसे.

१७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टनमध्ये त्याचा जन्म झाला. बाप मेणबत्त्या आणि साबण करणारा. सतरा भावंडांत हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षांची. बाराव्या वर्षी त्याला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवारीला बसवले. पोराच्या बोटांना खिळ्यांची सवय लागली ती तेव्हापासून. खिळ्यांचा धातू म्हणजे मुख्यतः शिसे, त्याला कठीणपणा यावा म्हणून अँटिमनी आणि थोडे कथील. आपल्याकडे निर्णयसागरपासून तालुक्याच्या छापखान्यापर्यंत सगळ्यांनी हाच धातू वापरला. हे वर्तमानपत्र ज्या परंपरेतले आहे तीही याच धातूवर उभी राहिली.

बोस्टनमधल्या त्या लहानपणीच त्याच्या कानावर एक बातमी आली होती. उत्तर कॅरोलिनातून तक्रार आली, की न्यू इंग्लंडची रम पिऊन लोकांना भयंकर पोटशूळ होतो आणि हातपाय लुळे पडतात. भट्ट्यांची तपासणी झाली. काही ठिकाणी दारूची वाफ थंड करणाऱ्या नळ्या आणि भांड्यांची टोपणे शिशाची निघाली. वैद्यांनी दोष शिशाला दिला आणि मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १७२३ मध्ये असल्या नळ्यांवर बंदी घातली, दंडही कडक ठेवला. त्याच वर्षी सतरा वर्षांचा फ्रँकलिन भावाशी भांडून घरातून पळाला आणि फिलाडेल्फियाला पोचला.

१७२४ मध्ये तो लंडनला गेला. बार्थोलोम्यू क्लोज या भागातल्या पामर यांच्या छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागला. छापून झाल्यावर खिळे धुऊन परत आपापल्या खणात टाकतात, तेव्हा ते ओले असतात. म्हणून खिळ्यांची केस शेकोटीपुढे तिरपी ठेवून सुकवायची तिथे रीत होती. फ्रँकलिनच्या लक्षात आले, की नुसते सुकलेलेच नव्हे तर गरम झालेले खिळे लंडनच्या थंडीत बोटांना फार बरे वाटतात. मग तो गरज नसतानाही केस तापवू लागला. एका वयस्क कामगाराने हे पाहिले आणि त्याला सावध केले. असे करू नकोस, हात जातील, म्हणाला. दोन सोबत्यांची उदाहरणे दिली. एक जण पूर्वी आठवड्याला गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग मिळवायचा, तो आता दहा शिलिंगांवर आला होता. दुसऱ्याचा हात लोंबतच होता, त्याची कमाई साडेसात शिलिंग. त्या लोंबत्या हाताला कामगारांच्या बोलीत नावसुद्धा होते. नाव असते याचाच अर्थ तो प्रकार दुर्मीळ नव्हता.

फ्रँकलिनने केस तापवणे बंद केले. त्याला पटवणारी आणखी एक गोष्ट होती. फार तापलेल्या खिळ्यांवर काम करताना आपल्या हाताच्या हाडांत एक अस्पष्टशी कळ येते, असे त्याला अधूनमधून जाणवले होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने ती कळ नोंदून ठेवली आणि साठ वर्षांनी पत्रात उतरवली. मी पुस्तक मिटले ते या वाक्यापाशी.

त्याच भागात जेम्स नावाचा खिळे ओतणारा एक कारखानदार होता. वितळलेल्या धातूच्या भट्ट्यांवर वाकून काम करणाऱ्या तुमच्या माणसांना हा रोग होत नाही का, असे फ्रँकलिनने त्याला विचारले. धुराची भीती त्याने उडवून लावली. पण जे कामगार धातू हाताळून हात न धुता जेवायला बसतात त्यांच्या पोटात धातूचे कण जातात आणि त्यांनाच हा त्रास होतो, असे तो म्हणाला. आजचे वैद्यक पाहिले तर त्याचे निम्मे म्हणणे अगदी बरोबर होते. खिळ्यांवरची धूळ बोटांवरून तोंडात जाते. निम्मे मात्र चुकीचे, कारण धूळ आणि भट्टीचा धूर श्वासातूनही जातोच.

लंडनहून परतल्यावर फ्रँकलिनचे आयुष्य वेगाने पुढे गेले. १७२९ मध्ये स्वतःचे वर्तमानपत्र, १७३२ पासून गरीब रिचर्डच्या नावाने निघणारे पंचांग, १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारे ग्रंथालय, १७३६ मध्ये आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचे पथक. त्याच वर्षी चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीने गेला. त्याला देवी टोचून घेतली नव्हती ही खंत बापाच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. बँकेतल्या माणसाला विशेष वाटावे असे एक काम म्हणजे त्याने छापलेल्या नोटा. खोट्या नोटा करणाऱ्यांना चकवण्यासाठी झाडाच्या पानाचा साचा घेऊन त्याने तो खिळ्यांच्या धातूत ओतला आणि पानाच्या शिरा नोटेवर उमटवल्या. कोणत्याही दोन पानांच्या शिरा सारख्या नसतात, आणि त्यांची नक्कल कोरणे कारागिराच्या आवाक्याबाहेरचे. सही पडताळण्याचा इतका सुंदर उपाय मी दुसरा पाहिला नाही.

१७४८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तो धंद्यातून बाजूला झाला. खिळ्यांशी रोजचा संबंध संपला. पण शिशाचा विषय त्याने सोडला नाही. १७४५ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर थॉमस कॅडवॉलडर यांचा पोटशुळावरचा निबंध त्याने स्वतः छापला होता. घरांच्या लाकडी छपरांवर शेवाळे वाढते, पण सफेता लावलेल्या खिडकीच्या चौकटीखालून पावळीपर्यंत एक पट्टा तेवढा स्वच्छ राहतो, तिथे शेवाळे धरत नाही, हे त्याने टिपले. पावसाच्या पाण्याबरोबर सफेत्यातले शिसे उतरते, आणि जिथे शेवाळे जगत नाही तिथे माणसाने ते पाणी प्यावे का, हा त्याचा प्रश्न.

१७६७ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथले ला शारिते रुग्णालय या पोटशुळावरच्या उपचारांसाठी प्रसिद्ध होते. त्याने रुग्णांची यादी मिळवली, आणि नावांपुढचे धंदे वाचले. नळ बसवणारे, तावदाने बसवणारे, रंगारी, सगळ्यांचा कुठे ना कुठे शिशाशी संबंध. दोनच धंदे बसेनात, पाथरवट आणि सैनिक. दुसरा कोणी असता तर अपवाद म्हणून सोडून दिले असते. याने रुग्णालयातल्या डॉक्टरला विचारले. उत्तर आले, की लोखंडी कठड्यांची टोके दगडात पक्की बसवायला पाथरवट वितळलेले शिसे ओततात, आणि हे सैनिक फावल्या वेळात रंगाऱ्यांकडे मजुरीने रंग खलत होते. ताळेबंद जुळला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सर जॉर्ज बेकर यांनी डेव्हन परगण्यातल्या सफरचंदाच्या दारूतले शिसे दाखवून तिथल्या पोटशुळाचे कोडे सोडवले होते.

या पत्राचा शेवट मला फार जिव्हारी लागतो. व्हॉनला तो सांगतो, की शिशाच्या दुष्परिणामाचे हे मत निदान साठ वर्षे जुने आहे, आणि एखादे उपयोगी सत्य सर्वांनी स्वीकारून आचरणात आणायला किती काळ जातो हे पाहून वाईट वाटते. आज त्या पत्रालाच दोनशे चाळीस वर्षे होत आली.

तोवर फ्रँकलिन स्वतः सांध्यांनी आणि मुतखड्याने गांजला होता. पॅरिसजवळच्या पासी गावी असताना १७८० च्या ऑक्टोबरमध्ये गाऊटच्या कळांनी झोप लागेना, तेव्हा त्याने आपण आणि आपला गाऊट यांच्यातला एक विनोदी संवाद लिहून काढला. त्यात गाऊट त्याला खादाडपणा आणि आळस यांबद्दल खडसावतो. १७८५ मध्ये मायदेशी निघाला तेव्हा गाडीचे धक्के सोसवेनात, म्हणून फ्रान्सच्या राणीची खेचरांनी वाहायची पालखी त्याला देण्यात आली. १७८७ च्या घटना परिषदेला एक्क्याऐंशी वर्षांचा हा सर्वांत वयस्क सभासद माणसांनी उचललेल्या बंद खुर्चीतून येई. १७ एप्रिल १७९० रोजी तो गेला. त्याआधी दोनच महिने गुलामगिरी बंद करण्याची मागणी करणाऱ्या अर्जावर त्याने सही केली होती. तरुणपणी त्याने स्वतः गुलाम बाळगले होते. उशिरा पटलेले सत्यही आचरणात आणता येते, याचा हा पुरावा.

त्याचा गाऊट शिशामुळे होता काय? १८५९ मध्ये लंडनचे डॉक्टर गॅरड यांनी दाखवले, की त्यांच्याकडच्या गाऊटच्या रुग्णांपैकी निदान चौथा हिस्सा पूर्वी कधीतरी शिशाच्या विषबाधेतून गेलेला होता. शिसे मूत्रपिंड दुबळे करते, मग युरिक आम्ल बाहेर पडत नाही आणि त्याचे स्फटिक सांध्यांत जमतात. फ्रँकलिनने तीस वर्षे खिळे हाताळले हे खरे. पण त्याला मांसाहार आवडे, मदिराही आवडे, आणि घराण्यातून आलेला गाऊट शिशावाचूनही होतोच. तेव्हा निकाल राखून ठेवणे बरे. लंडनमध्ये तो जिथे अनेक वर्षे राहिला त्या क्रेव्हन स्ट्रीटवरच्या घराच्या तळघरात १९९८ मध्ये माणसांच्या हाडांचे बाराशेहून अधिक तुकडे सापडले. ते त्याच्या घरमालकिणीचा जावई विल्यम ह्यूसन याच्या शरीररचनेच्या शाळेतले निघाले. त्यांतल्या एका कासवाच्या अवशेषांत पाराही मिळाला. त्या अनोळखी हाडांची तपासणी झाली. फ्रँकलिनची हाडे मात्र फिलाडेल्फियात ख्राइस्ट चर्चच्या स्मशानभूमीत निवांत आहेत.

त्या हाडांत काय असेल, हे समजायला आमच्या बँकेची भाषा उपयोगी पडते. शरीरात आलेले शिसे आधी रक्तात असते. ते चालू खाते. तिथली रक्कम महिन्याभरात निम्मी होते. पण हाड कॅल्शियम आणि शिसे यांत नीट फरक करू शकत नाही. हाडाच्या खनिजात कॅल्शियमच्या जागी शिसे जाऊन बसते, आणि ती झाली मुदत ठेव. टणक हाडातले शिसे निम्मे व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात. प्रौढ माणसाच्या शरीरातल्या एकूण शिशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हाडांतच असतो. रक्त तपासले तर अहवाल स्वच्छ येतो, आणि माणूस समजतो की खाते बंद झाले.

सांध्यात तर त्याहून सूक्ष्म हिशेब आहे. हाडाच्या टोकावर गुळगुळीत कूर्चा असते. तिचा खालचा थर चुनखडीसारखा कठीण, वरचा मऊ. या दोन थरांच्या सीमेवर एक बारीक रेषा असते, समुद्राची भरती वाळूवर आपली खूण ठेवून जाते तशी. २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी अतिसूक्ष्म क्ष-किरणांनी निरोगी माणसांचे सांधे तपासले, तेव्हा नेमके या रेषेवर शिसे साचलेले दिसले, खालच्या हाडातल्यापेक्षा तेरापट. सांधा झिजतो तेव्हा हीच सीमा ढळते. त्या शिशाचा झिजेत किती वाटा आहे याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही, पण ठेव कुठे आहे ते कळले आहे.

आणि ठेव मोडली जाते ती नको त्या वेळी. म्हातारपणी हाडे विरळ होतात, बाई गरोदर असते किंवा बाळाला पाजत असते, कोणी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळते, तेव्हा हाड कॅल्शियम सोडते आणि त्याबरोबर तरुणपणी जमा झालेले शिसेही रक्तात उतरवते. आईच्या हाडातली ठेव गर्भाच्या नावावर वर्ग होते. त्या वारसाने कुठल्याच कागदावर सही केलेली नसते.

फ्रँकलिनने चक्रवाढीची जादू पुरती ओळखली होती. त्याने बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले. होतकरू तरुण कारागिरांना पाच टक्क्यांनी कर्जे द्यावीत आणि दोनशे वर्षे रक्कम फिरती ठेवावी, अशी अट घातली. १९९० मध्ये मुदत संपली तेव्हा बोस्टनच्या खात्यावर सुमारे पन्नास लाख डॉलर होते, फिलाडेल्फियाच्या खात्यावर वीस लाखांच्या वर. थोडे थोडे आणि दीर्घकाळ, हे एकच तत्त्व. पैशाला ते वाढवते, आणि शिशालाही.

आपण मात्र शिसे दोनशे वर्षे वाढवतच नेले. गेल्या शतकात ते पेट्रोलमध्ये मिसळले आणि रस्त्यावरच्या प्रत्येक श्वासात घातले. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ पासून यावर आवाज उठवला. पेरू देशातल्या प्राचीन माणसांची हाडे त्यांनी सहकाऱ्यांसह तपासली, तेव्हा आधुनिक माणसाच्या हाडांत शेकडो पटींनी जास्त शिसे निघाले. भारतात शिसेमुक्त पेट्रोल सर्वत्र आले २००० मध्ये, जगातल्या शेवटच्या देशात २०२१ मध्ये. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. म्हणजे माझ्या पिढीच्या हाडांत ही ठेव आहेच. आजही घराच्या परसात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवले जाते आणि त्याच अंगणात पोरे खेळतात. हळदीचा पिवळेपणा वाढवायला शिशाचा रंग मिसळण्याचे प्रकार उपखंडात उघडकीला आले आहेत. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म. मारुतीला तो जरूर चढवावा, हात मात्र धुवावेत.

तात्यांचा हात शिशानेच गेला, असे मी म्हणू शकत नाही. त्यांचे रक्त कोणी तपासले नाही, आणि लुळ्या मनगटाला दुसरीही कारणे असतात. शिशाने मनगट पडते ते हाडामुळे नव्हे, स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंमुळे, एवढे मी आता वाचले आहे. पण त्यांच्या छापखान्यात जेवणाचा डबा खिळ्यांच्या केसवरच उघडत, काळी बोटे धोतराला पुसत आणि भाकरी मोडत, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. माझ्या कथेची प्रुफे तपासायला मी तिथेच बसत असे. पामरच्या छापखान्यातल्या एका म्हाताऱ्या कामगाराने नवख्या पोराला जे सांगितले, ते सांगणारा आमच्या गावात कोणी नव्हता. मी शिकलेला होतो, मी सांगायला हवे होते. मला ठाऊकच नव्हते. जगाला मात्र ते ठाऊक होऊन अडीचशे वर्षे झाली होती.

फ्रँकलिनच्या थडग्यावर लोक नाणी टाकतात. त्या माऱ्याने दगडाला खळगे पडले, त्याला तडाही गेला, आणि २०१६ मध्ये दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा करावी लागली. हलके नाणेसुद्धा रोज पडत राहिले तर दगडावर खूण ठेवते. तात्यांच्या बोटांना चार दशके खिळे लागत होते. त्यांची ती विथड्रॉवल स्लिप बँकेच्या जुन्या कागदांबरोबर केव्हाच नष्ट झाली असेल. पाचशे रुपये, दोन साक्षीदार, आणि निळ्या शाईतला एक अंगठा. शेजारी माझी सही होती, नमुन्याशी तंतोतंत जुळणारी.